पाण्यात बुडणारा मासा आणि त्याचं घर

‘मासा पाण्यात बुडून मेला’ असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण मित्रांनो, असं होऊ शकणारा मासा खरोखर आहे. त्याचं नाव बिचिर. कोमट, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात त्याला वर येऊन हवेचा घोट घेता आला नाही, तर तो चक्क गुदमरतो. कारण या महाशयांना कल्ले आहेतच, शिवाय फुप्फुसंही आहेत. तीसुद्धा दोन!

आमच्या घरी हॉलमध्ये तीन वर्षांपासून सेनेगल बिचिरची जोडी आहे. मोबाईलमधले त्यांचे फोटो बघून हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलींनी ‘हा साप कशाला पाळलायस?’ असं विचारून झालंय आणि उरलेल्यांनी ‘कुठे मिळतो? मला पण हवाय’ असं. पहिल्या गटासाठी हा लेख माहितीपर आहे. दुसऱ्या गटासाठी मात्र हा लेख दुकानात जाण्याआधी वाचायचा आहे. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘कल्ले’, ‘खवले’, ‘पर’ हे शब्द मला आजीने शिकवले, ते सुद्धा बाजारात मासे घेताना. तेव्हा शुद्धलेखनाचं श्रेय संपादकांना आणि शब्दसंपत्तीचं आजीला.)

हा आहे तरी कोण?

बिचिर मूळचा आफ्रिकेचा. तिथल्या नद्या, तळी आणि दलदलीच्या गोड्या पाण्यात तो राहतो. आफ्रिकेबाहेर आज तो निसर्गात कुठेच सापडत नाही. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर जे शास्त्रज्ञ गेले होते, त्यांतल्या जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी नाईल नदीतल्या या माशाचं वर्णन १८०२ साली प्रसिद्ध केलं. पॉलिप्टेरस या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पुष्कळ परांचा’. इतर बहुतेक माशांना पाठीवर एक किंवा दोन पर असतात. याच्या पाठीवर छोट्या छोट्या झेंड्यांची रांगच असते.

त्याच्या अंगावरचे खवले चौकटीच्या आकाराचे, हाडासारखे कडक आणि एकमेकांत खुंटी-खाचेने अडकवलेले असतात. एमआयटीच्या संशोधकांनी २००८ साली सेनेगल बिचिरच्या खवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच खवल्यात वेगवेगळ्या कडकपणाचे चार थर. वरचा थर सगळ्यात टणक, खाली मऊ होत जाणारे. दात लागला तरी तडा सगळीकडे पसरत नाही, जिथल्या तिथे थांबतो. मटेरियल सायन्सच्या सरांनी कॉम्पोझिट शिकवताना हे उदाहरण दिलं असतं तर मागच्या बाकावरचेही जागे राहिले असते!

श्वास घेण्याची पद्धत तर त्याहून भारी. हवेवर जगणारे बहुतेक मासे आणि बेडूक तोंडाच्या पंपाने हवा आत ढकलतात. बिचिर उलटं करतो. श्वास सोडताना त्याचं चिलखत आत दबतं आणि स्प्रिंगसारखं ताणलं जातं. मग ते मूळ आकारात परत येताना आत दाब कमी होतो आणि हवा आपोआप ओढली जाते. ‘सायन्स’ या नियतकालिकात १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे २०१४ साली आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या डोक्यावर दोन बारीक छिद्रं असतात. निवांत असताना तो तोंड न उघडता, फक्त डोक्याचा वरचा भाग पाण्याबाहेर काढून या छिद्रांतून श्वास घेतो. काही वेळा ९३ टक्क्यांपर्यंत श्वास अशा पद्धतीने घेतलेले आढळले.

त्याच २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात केलेला प्रयोगही गाजला. बिचिरची पिल्लं आठ महिने जवळजवळ जमिनीवर, फक्त ओलाव्यात वाढवली. ती पिल्लं चालताना डोकं जास्त उंच धरायला लागली, पर शरीराच्या जवळ टेकायला लागली आणि त्यांच्या खांद्याच्या हाडांचा आकारसुद्धा बदलला. कोट्यवधी वर्षांपूर्वी मासे जमिनीवर कसे आले असतील, याचा अंदाज घ्यायला हा मासा उपयोगी पडतो तो असा.

या माशापायी एका माणसाचा जीवही गेलाय. जॉन सॅम्युअल बजेट नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने बिचिरची अंडी आणि पिल्लं कशी वाढतात ते पाहण्यासाठी आफ्रिकेच्या चार वाऱ्या केल्या. १९०३ साली नायजरच्या प्रदेशात त्याला यश मिळालं. आणि तिकडेच जडलेल्या तापाने १९०४ च्या जानेवारीत तो गेला. वय फक्त ३१. आपल्याला तोच मासा आज दुकानात पिशवीत घालून मिळतो. निदान त्याचं घर तरी नीट बांधून देऊ या.

‘लहान’ म्हणजे किती लहान?

दुकानात सगळेच बिचिर तीन-चार इंचांचे आणि गोंडस असतात. इथेच खरी गोम आहे. सेनेगल आणि पामस या जाती टाकीत साधारण एक फुटापर्यंत वाढतात. डेल्हेझी थोडा जास्त. पण ऑर्नेटिपिनिस दोन फुटांपर्यंत जातो आणि एंडलिचेरी त्याच्याही पुढे, अडीच फुटांपर्यंत! त्यामुळे आपल्यासारख्यांनी पहिल्या दोन-तीन जातींवरच समाधान मानावं.

ओळखायचं कसं? बाजूने जबडा बघा. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असेल तर तो मोठ्या जातींपैकी आहे, नमस्कार करून पुढे जा. वरचा जबडा पुढे असेल तर अंगावरची नक्षी बघा. काळ्या-पिवळ्या जाळीसारखी दाट नक्षी म्हणजे ऑर्नेटिपिनिस, तोही नको. पाठीवर रुंद काळे पट्टे म्हणजे डेल्हेझी. साधा राखाडी, लहानपणी अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या लांबट रेघा असलेला तो सेनेगल. पांढरा, लाल डोळ्यांचा मिळतो तोही बहुधा सेनेगलच, फक्त अल्बिनो. डोक्यामागे पिसासारखे बाहेरचे कल्ले दिसत असतील तर ते अगदी बाळ आहे. वाढताना ते कल्ले जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढं लहान बाळ शक्यतो घेऊ नये, चार इंचांच्या पुढचा घ्यावा.

टाकी: उंच नको, ऐसपैस हवी

दुकानदार उंच, शोभेची टाकी दाखवतो. बिचिर तळाशी राहणारा प्राणी आहे. उंचीचा त्याला उपयोग नाही, उलट प्रत्येक श्वासासाठी वर जायचा जिना वाढतो. त्याला हवा असतो कार्पेट एरिया. एक-दोन सेनेगलसाठी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी मी किमान मानते. रुंदी दोन फूट मिळाली तर फारच छान, कारण एक फुटाच्या माशाला वळायला जागा लागते.

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स (पानं उलटू नका, पेपर नाहीये). पुढच्या काचेवरचं पाण्याचं एकूण बल पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाणी १५ इंच भरलं तर चार फुटी काचेवर सुमारे ८७० न्यूटन, म्हणजे ८८ किलो वजनाएवढा रेटा येतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. पण टाकी मागच्या बाजूला कितीही रुंद केली तरी पुढच्या काचेवरचं बल तेवढंच राहतं! म्हणजे माशाला जे हवं तेच काचेलाही सोसतं. ठेंगणी आणि रुंद. गिऱ्हाईक आणि डिझायनर यांचं इतकं एकमत आपल्या धंद्यात क्वचितच होतं.

टाकी तयार करून घेतलीत तर आधी गच्चीत किंवा अंगणात सपाट जागी, खाली थर्माकोलची शीट घालून, दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा. गळायची असेल तर तिथे गळू दे, हॉलमध्ये नको.

वजनाचा हिशोब

वरच्या मापाच्या टाकीत दोन इंच वाळू आणि वर तीन इंच हवा सोडली तर साधारण १८५ लिटर पाणी बसतं. पाणी १८५ किलो, १० मिलिमीटरची काच सुमारे ५० किलो, वाळू ४५ किलो. झाले २८० किलो, स्टँड वेगळाच. म्हणजे साडेपाच-सहा चौरस फुटांवर चार-पाच धडधाकट माणसं कायमची उभी!

याचा दाब होतो सुमारे ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात धरलेला भार २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आहे. लगेच घाबरू नका. तो भार पूर्ण खोलीवर एकदम धरलेला असतो आणि आपली टाकी खोलीचा छोटासा कोपरा व्यापते. चांगल्या आरसीसी घरात भिंतीला लागून, बीमच्या वर किंवा जवळ टाकी ठेवली तर चालतं. खोलीच्या मधोमध, बाल्कनीत किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी मजल्यावर ठेवू नका. शंका असेल तर सिव्हिलच्या मित्राला चहा पाजा.

झाकण: इथे तडजोड नाही

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बिचिरची टाकी काठोकाठ भरायची नाही आणि उघडीही ठेवायची नाही.

पाणी आणि झाकण यांच्यात कमीत कमी तीन इंच हवा हवी. ती त्याची श्वास घ्यायची खोली आहे. झाकणामुळे तिथली हवा कोमट आणि दमट राहते. आणि झाकण घट्ट हवं, कारण हा प्राणी पळपुटा आहे. रात्री काठाशी नाक घासत फिरतो आणि फट सापडली की बाहेर. फिल्टरचा पाईप, हीटरची वायर यांच्यासाठी ठेवलेली भोकं हाच त्याचा सगळ्यात आवडता रस्ता. जिथे डोकं जातं तिथे अख्खा मासा जातो. ती भोकं स्पंजचे तुकडे किंवा प्लास्टिकची जाळी लावून बंद करा आणि झाकणावर दोन वजनं ठेवा. झाकणात हवा खेळायला बारीक छिद्रं असू द्यात. आमच्या झाकणावर माझी दोन जाडजूड रेफरन्स बुकं आहेत. एवढा उपयोग त्यांचा याआधी झाला नव्हता!

आतली मांडणी

तळाला बारीक, गुळगुळीत, धुतलेली वाळू. खडी नको, कारण तो पोटावर सरपटतो आणि खाताना खडे गिळू शकतो. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुन्याचा अंश आहे, ती पाणी जड करेल.

लपायला जागा प्रत्येकी एक तरी हवीच. त्यासाठी बाजारातले महागडे किल्ले आणण्याची गरज नाही. प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाईप फूटभर कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, झाली गुहा. पाण्यात ठेवायचं लाकूड आणि त्याला दोऱ्याने बांधलेली जावा फर्न किंवा अनुबियास ही झाडं छान दिसतात आणि त्यांना कमी उजेड पुरतो. बिचिर निशाचर असल्यामुळे त्यालाही तेच आवडतं.

फिल्टर तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा, म्हणजे आपल्या हिशोबाने ८०० ते ९०० लिटरचा हवा. प्रवाह मात्र काचेवर वळवून सौम्य करा आणि शोषणाऱ्या तोंडावर स्पंज लावा. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस. घाटावरच्या थंडीत थर्मोस्टॅटचा २०० वॉटचा हीटर लागतोच. या हीटरला पाणी ५ अंशांनी तापवायला, उष्णता बाहेर जात नाही असं धरलं तरी, सुमारे साडेपाच तास लागतात. म्हणजे तापमान झटकन बदलत नाही, ही चांगलीच गोष्ट. हीटरवर जाळीचं आवरण घालायला विसरू नका. बिचिर त्याला टेकून झोपतो आणि भाजून घेतो.

आणि वीज-पाण्याची जोडी असल्याने दोन नियम. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. आणि लाईनवर ईएलसीबी असू द्या. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर बंद!

पाण्याला विरजण

टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासा सोडला, असं नसतं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासा आणायचा नाही, टाकीत चिमूटभर माशाचं खाद्य टाकत राहायचं. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये घाला. दुधाला विरजण लावतात तसंच, काम लवकर होतं. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की दही लागलं!

इथे बिचिरच्या बाबतीत एक फसगत होते. हवा घेता येत असल्यामुळे खराब पाण्यात इतर मासे गेले तरी हा जिवंत राहतो. मालकाला वाटतं, ‘बघा, किती टणक मासा!’ पण अमोनिया त्याची कातडी आणि कल्ले जाळतच असतो. फुप्फुसं ऑक्सिजनचा प्रश्न सोडवतात, घाणीचा नाही. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचंच. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानात ‘हायपो’चे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. बंद फिल्टर तासन् तास तसाच राहिला असेल तर सुरू करण्यापूर्वी आतलं साचलेलं पाणी ओतून टाका.

मेसचा मेनू

बिचिरची नजर अधू, नाक तीक्ष्ण. तो वासाने जेवतो. मिठाशिवाय सोललेली कच्ची कोळंबी, माशाचे छोटे तुकडे, खत-औषध न मारलेल्या मातीतली गांडुळं आणि तळाशी बुडणारं गोळ्यांचं खाद्य, असं आलटून पालटून द्या. दिवे मालवल्यावर द्या. पिल्लांना रोज, मोठ्यांना एक-दोन दिवसांआड. मजा म्हणून जिवंत गोल्डफिश टाकतात, ते टाळा. त्यांच्याबरोबर रोग येतात आणि त्यांच्या मांसात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. तासाभरात न खाल्लेलं बाहेर काढा.

रूम पार्टनर

नियम सोपा आहे. जे तोंडात मावतं ते जेवण. गप्पी, निऑन टेट्रा हे शेजारी नव्हेत, नाश्ता आहे. त्याच आकाराचा दुसरा बिचिर किंवा चांगले मोठे झालेले काँगो टेट्रा चालतात. काच साफ करायला म्हणून सकर मासा आणू नका, तो रात्री बिचिरच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. भांडखोर सिक्लिडही नकोत. नवा मासा आणला की आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. निसर्गातून पकडून आणलेल्या बिचिरच्या कातडीवर बारीक परजीवी कृमी असू शकतात.

आणि आता हॉस्टेलवाल्यांसाठी

सेनेगल बिचिर नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. आपली डिग्री चार वर्षांची (केटीवाल्यांची पाच). दिवाळी, उन्हाळा, इंटर्नशिप, मग नोकरी कुठल्या गावाला ते देवाला आणि प्लेसमेंट सेलला ठाऊक. २८० किलोची टाकी ट्रंकेत भरून नेता येत नाही. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत बिचिर नको, असं मी स्पष्ट सांगते, मग रेक्टर सर कितीही प्रेमळ असोत. आमच्या घरी मी इकडे आल्यावर पाणी बदलायचं काम बाबा करतात आणि कोळंबी आई सोलते. ते दोघं ‘हो’ म्हणाले होते म्हणूनच मासे आले. पाळणारा नेहमी एक कुटुंब असतं, एक उत्साही मुलगी नाही.

आणि नकोसा झाला तर? तळ्यात, नदीत, कॉलेजमागच्या ओढ्यात कधीही सोडायचा नाही. ‘मुक्त केला’ म्हणायला बरं वाटतं, पण तिथले मासे, बेडकांची पिल्लं, अंडी यांच्यासाठी तो परका शिकारी आहे. आपल्या धरणांत बाहेरून आलेली चिलापी आज किती झाली आहे ते उजनीच्या काठावरच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. आफ्रिकेतल्याच मोठ्या मांगूर माशाच्या पालनावर आपल्या देशात बंदी आली, तरी तो अजून सापडतो. पाण्यात सोडलेली चूक जाळ्याने परत काढता येत नाही. मासा सांभाळणं जमेना झालं तर दुकानात परत द्या, नाहीतर ज्याच्याकडे मोठी टाकी आहे अशा माणसाला द्या. तेही पत्ते मासा घेण्याआधीच शोधून ठेवायचे.

तेव्हा क्रम असा. आधी घरच्यांचा होकार, मग जागा आणि वजन, मग ठेंगणी रुंद टाकी, घट्ट झाकण, सहा आठवड्यांचं विरजण आणि सगळ्यात शेवटी मासा. दुकानात पिशवी हातात घेतल्यावर हा क्रम उलटा होतो, म्हणून दुकानात जाताना पहिल्या वेळी पैसे न नेता जा. टाकीचं ड्रॉइंग कुणाला तपासून हवं असेल तर मी संध्याकाळी लायब्ररीत असते. झाकण काढलं नसेल तर मात्र ड्रॉइंग तपासणार नाही!